जमीन, पाणी आणि सीमाभागातील भाषिक अल्पसंख्याक : संघर्ष पेटण्याआधीचे उपाय

चोर्ला घाट ओलांडून बेळगावकडे जाणारा रस्ता कणकुंबी, जांबोटी ही गावे मागे टाकत पिरनवाडीच्या तिठ्यावर खानापूर-बेळगाव महामार्गाला मिळतो. गोव्यातून उपचारासाठी, शिक्षणासाठी किंवा खरेदीसाठी बेळगावला जाणाऱ्या हजारो लोकांना हा तिठा परिचित आहे. एका बाजूला उद्यमबागची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला मच्छे आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा परिसर, आणि या दोहोंच्या आजूबाजूला दिवसेंदिवस आक्रसत चाललेले शिवार, असे या भागाचे आजचे स्वरूप आहे. येथील बहुसंख्य शेतकरी कुटुंबे मराठी भाषक आहेत. जिल्ह्याचा विचार केला तर तीच भाषिक अल्पसंख्याक ठरतात.

अल्पसंख्याक समाज आणि शासन यांच्यातील संघर्ष बहुधा भाषा, झेंडा किंवा अस्मिता यांच्या नावाने ओळखले जातात. प्रत्यक्षात त्यांपैकी अनेकांची सुरुवात एखाद्या गटक्रमांकापासून, नाल्यापासून किंवा कालव्याच्या आखणीपासून झालेली असते. जमीन जाणार हे बाधिताला शेवटी कळते, जे कळते ते परक्या भाषेत कळते, आणि हरकत घेण्याची मुदत त्याला कळण्याआधीच संपते. मग साधा महसुली प्रश्न भाषिक प्रश्नाचे रूप घेतो. पिरनवाडी ते कणकुंबी हा पट्टा या प्रक्रियेचे जवळजवळ प्रत्येक अंग दाखवतो.

सीमाप्रश्नाची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळता, तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव शहर, निपाणी आणि खानापूर परिसरातील मराठी भाषकांनी तेव्हापासून महाराष्ट्रात समावेशाची मागणी केली. केंद्राने १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्रास द्यावेत, मात्र बेळगाव कर्नाटकातच ठेवावे, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने तो स्वीकारण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप प्रलंबित आहे.

सीमेचा निकाल काय लागेल आणि कधी लागेल, हा या लेखाचा विषय नाही. मात्र निकाल लागेपर्यंतच्या काळात शेतजमिनी, नद्या, रस्ते आणि वने यांविषयीचे निर्णय थांबत नाहीत. सत्तर वर्षांच्या अविश्वासावर असा प्रत्येक नवा निर्णय येऊन पडतो. रस्त्यासाठी जमीन घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात भाषेचा विचार नसेलही, पण शेतकऱ्याला त्यामागे तो दिसतो. प्रतिबंधाचे उपाय आखताना ही पूर्वपीठिका गृहीत धरावी लागते.

तिबार पिकांच्या जमिनीवरील रस्ता

पुणे-बंगळूर महामार्गावरील हलगा येथून निघून गोवा रस्त्यावरील मच्छे येथे मिळणारा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा बायपास हे या भागातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण. शहरातील अवजड वाहतूक टळावी आणि गोव्याकडे जाणारी वाहने बाहेरून वळावीत, हा त्यामागील हेतू. पण आखणी गेली ती हलगा, शहापूर, वडगाव, अनगोळ, माजगाव आणि मच्छे शिवारातून. ही काळी, पाणथळ आणि सुपीक जमीन आहे. पावसाळ्यात भात निघाल्यावर ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा आणि पुढे भाजीपाला घेतला जातो. स्थानिक भाषेत ही 'तिबार पिकांची' जमीन. बेळगावच्या बाजारातून गोव्यात रोज येणाऱ्या भाजीचा काही भाग याच पट्ट्यात पिकतो, त्यामुळे प्रश्न गोव्याच्या स्वयंपाकघराशीही जोडलेला आहे.

शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि काम अनेकदा थांबले. रस्त्याचा 'झिरो पॉइंट', म्हणजे आरंभबिंदू, अधिसूचनेनुसार निश्चित झालेला नाही, हा त्यांचा मुख्य कायदेशीर आक्षेप होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात यंत्रे शिवारात उतरली, तेव्हा उभ्या पिकांसमोर शेतकरी आणि पोलीस आमनेसामने आले. या पट्ट्यातून बळ्ळारी नाला वाहतो. गाळ आणि अतिक्रमणांमुळे तो दर पावसाळ्यात फुगतो आणि आसपासची भातशेती पाण्याखाली जाते. रस्त्याचा उंच भराव झाल्यास पाणी अधिक काळ तुंबून राहील, ही शेतकऱ्यांची भीती त्यामुळेच निराधार ठरत नाही. जमीन संपादनाचा प्रश्न येथे पाण्याच्या निचऱ्याचाही प्रश्न बनतो.

याच परिसराने सुवर्ण विधानसौध, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आणि औद्योगिक वसाहती यांसाठी वेळोवेळी जमीन दिली आहे. शहराभोवतीच्या नियोजित रिंगरोडच्या नोटिसांवर २०२२ मध्ये हरकती आणि मोर्चे निघाले. प्रत्येक प्रकल्पाची फाईल स्वतंत्र असते, पण शेतकऱ्याचा उतारा एकच असतो. तीन प्रकल्पांत थोडी थोडी जमीन गेलेल्या कुटुंबाकडे उरलेला तुकडा कसण्याजोगा राहतो का, याचा हिशेब कोणत्याही एका फाईलमध्ये मांडला जात नाही. त्या हिशेबाच्या अभावी 'आमच्याच जमिनी का' हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर भाषेत शोधले जाते. वास्तविक या पट्ट्यात कानडी भाषक शेतकऱ्यांच्याही जमिनी गेल्या आहेत.

एकवीस दिवसांची मुदत

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास, ग्रामसभेला माहिती, साठ दिवसांची हरकतीची मुदत आणि बहुपीक सिंचित जमीन केवळ अखेरचा पर्याय म्हणून घेण्याची अट घातली. मात्र याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत काही कायदे वगळण्यात आले असून राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ हा त्यांपैकी एक. २०१५ पासून महामार्गासाठी जाणाऱ्या जमिनीला नव्या कायद्याप्रमाणे मोबदला आणि पुनर्वसनाचे लाभ मिळतात, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक नाही. महामार्ग कायद्यानुसार अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील, प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकतीसाठी मिळतात अवघे एकवीस दिवस.

प्रादेशिक भाषा म्हणजे कर्नाटकात व्यवहारतः कानडी. मराठी माध्यमात शिकलेल्या साठीच्या शेतकऱ्याला कानडी सूचना वाचून घ्यावी लागते, गटक्रमांक ताडून पाहावा लागतो, वकील गाठावा लागतो आणि हरकत लिहून द्यावी लागते. भात कापणीच्या दिवसांत एकवीस दिवस पाहता पाहता सरतात. हरकत वेळेत न आल्यास कायद्याच्या दृष्टीने ती नसतेच. पुढे तोच शेतकरी यंत्रासमोर उभा राहिला की त्याला विकासविरोधी ठरवले जाते.

यावरील उपाय नव्याने शोधण्याची गरज नाही. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली. पहिले मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयी, तर दुसरे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याच्या नेमणुकीविषयी आहे. त्यानुसार १९५७ मध्ये भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे पद निर्माण झाले. कलम ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकास केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. शिवाय केंद्र आणि राज्ये यांच्यात ठरलेल्या संरक्षण योजनेनुसार, ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे अपेक्षित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत ते यापेक्षा कितीतरी अधिक भरते.

सीमाभागात मराठी परिपत्रकांची मागणी बहुधा अस्मितेची मागणी म्हणून मांडली जाते आणि तशीच फेटाळलीही जाते. भूसंपादनाच्या संदर्भात तिचा अर्थ वेगळा आहे. न वाचता आलेली नोटीस ही न मिळालेल्या नोटिशीसारखीच असते.

कणकुंबी : दोन नद्या आणि न बोलावलेला पक्ष

पिरनवाडीहून जांबोटीमार्गे घाटमाथ्यावर गेले की जमिनीचा प्रश्न पाण्याचा होतो. खानापूर तालुक्यातील या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचा काही भाग मलप्रभेत जाऊन कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला मिळतो, तर काही भाग म्हादईत उतरून गोव्यातून अरबी समुद्रात जातो. मलप्रभा कणकुंबी परिसरात उगम पावते आणि म्हादईला मिळणारा कळसा नालाही तेथलाच. कळसा आणि भांडुरा यांचे पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवून हुबळी-धारवाड भागाला पिण्यासाठी द्यायचे, ही कर्नाटकाची योजना. गोव्याने २००२ मध्येच लवादाची मागणी केली. त्यानंतर २००६ मध्ये कर्नाटकाने कणकुंबीत खोदाई सुरू केली. केंद्राने १६ नोव्हेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखाली म्हादई जलविवाद लवाद स्थापला.

खोऱ्याचे एकूण क्षेत्र २,०३२ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात मोडते. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी मंजूर केले. त्यात ८.०२ टीएमसी जलविद्युतसाठी, १.५ टीएमसी खोऱ्यातील गरजांसाठी आणि ३.९ टीएमसी खोऱ्याबाहेर वळवण्यासाठी, म्हणजे कळसातून १.७२ आणि भांडुरातून २.१८, अशी विभागणी आहे. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी मिळाले. निवाडा २७ फेब्रुवारी २०२० रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवालास मान्यता दिल्यावर गोव्यात संताप उसळला. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ खाली कर्नाटकास नोटीस बजावली. त्याच वर्षी केंद्राने पणजीत मुख्यालय असलेले 'प्रवाह' हे प्राधिकरण मंजूर केले.

या साऱ्या घटनाक्रमात तीन राज्ये पक्षकार आहेत. कणकुंबी, पारवाड, चिखले येथील मराठी आणि कोंकणी बोलणारे शेतकरी यांच्यापैकी कुणीही नाहीत. खोदाई त्यांच्या शिवारालगत होते, झरे आणि विहिरी त्यांच्या आहेत, पण पाणी जाणार आहे दूरच्या शहरांना. जलविवादाचा १९५६ चा कायदा राज्यांमधील वादांसाठी आहे आणि उगमाजवळच्या गावांना त्यात स्वतंत्र स्थान नाही. कर्नाटकाच्या बाजूने त्यांचे म्हणणे मांडले जात नाही, कारण ते प्रकल्पाच्या विरोधात जाते. गोव्याच्या बाजूनेही ते पुरेसे मांडता येत नाही, कारण ते गोव्याचे नागरिक नाहीत.

भीमगड अभयारण्यातील वस्त्यांची स्थिती अशीच अडचणीची आहे. २०११ मध्ये घोषित झालेल्या सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात गवळी, आमगाव, तळेवाडी, देगाव, कृष्णापूर अशी मराठी भाषक गावे आहेत. स्थलांतराचा प्रश्न तेथे वर्षानुवर्षे चर्चेत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या वनवासीयांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. एवढा जुना पुरावा मुंबई राज्याच्या काळातील असतो, आणि अनेक घरांत तो मराठीत किंवा मोडी लिपीत जपलेला असतो. तो वाचणारा माणूस दाव्यांची छाननी करणाऱ्या समितीजवळ नसेल, तर कायदा अनुकूल असूनही दावा अपुरा ठरतो.

पिरनवाडीच्या चौकाचा धडा

सार्वजनिक जागेचा वाद किती वेगाने पेटतो आणि किती साध्या मार्गाने मिटतो, हे पिरनवाडीने २०२० मध्ये पाहिले. छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा असलेल्या चौकाजवळ क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचा पुतळा उभारण्यावरून ऑगस्टमध्ये तणाव निर्माण झाला. प्रशासनाने आधी हा प्रयत्न रोखला. पुढे २८ ऑगस्टच्या पहाटे पुतळा बसवला गेल्यावर जमाव जमला आणि पोलिसांनी लाठीमार केला. राज्यभर त्याचे पडसाद उमटले. नंतर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची बैठक झाली. चौकाला शिवाजी महाराजांचे नाव राहील आणि रायण्णांचा पुतळाही जागेवर राहील, असे ठरले. ब्रिटिशांविरुद्ध लढून नंदगड येथे फासावर गेलेले रायण्णा आणि शिवाजी महाराज यांच्यात वैर असण्याचे इतिहासात काहीच कारण नव्हते.

बैठकीत निघालेला तोडगा आधीच्या पंधरवड्यातही निघू शकला असता. तेव्हा टेबल मांडले गेले नाही. लाठीमारानंतर ते मांडले गेले.

फरगाना खोऱ्याचा इशारा

असे वाद वेळीच न हाताळल्यास ते कोणत्या टोकाला जातात, याची उदाहरणे मध्य आशियातील फरगाना खोऱ्यात आहेत. तेथेही सोव्हिएत काळात आखलेल्या सीमांनी एका भाषेची गावे दुसऱ्या भाषेच्या प्रजासत्ताकात ठेवली. १९९० मध्ये किर्गिझस्तानातील ओश शहराजवळ, बहुसंख्येने उझबेक शेतकरी असलेल्या सामुदायिक शेताची जमीन किर्गिझ कुटुंबांना घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. त्यातून उसळलेल्या हिंसाचारात शेकडो लोक मारले गेले. एप्रिल २०२१ मध्ये किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्या सीमेवरील गोलोव्हनोय येथील पाणी वळवण्याच्या केंद्राजवळ कॅमेरा बसवण्यावरून दगडफेक झाली. तिचे पर्यवसान दोन सैन्यांच्या चकमकीत होऊन पन्नासहून अधिक लोक प्राणास मुकले. १३ मार्च २०२५ रोजी दोन्ही देशांनी सीमा करारावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा पाणी आणि रस्ते यांच्या वापराच्या तरतुदीही त्यासोबत ठरवाव्या लागल्या.

बेळगावची परिस्थिती तशी नाही. येथे न्यायालये आहेत, निवडणुका होतात आणि दोन्ही भाषक समाजांत व्यापार व नातेसंबंध आहेत. तरीही ओशमधील जमीनवाटप आणि गोलोव्हनोय येथील कॅमेरा यांत एक समान सूत्र दिसते. ज्यांच्या दारात निर्णय राबवायचा होता, त्यांना आधी विचारले गेले नव्हते. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये स्वीकारलेल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातील दुसऱ्या कलमात, अल्पसंख्याकांना ते राहत असलेल्या प्रदेशाविषयीच्या निर्णयांत परिणामकारक सहभागाचा हक्क सांगितला आहे, तो याच कारणाने.

प्रतिबंधाचे व्यवहार्य उपाय

पहिला उपाय भाषेचा. ज्या क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे भूसंपादन, पूररेषा, अभयारण्य आणि जलप्रकल्प यांविषयीची प्रत्येक सूचना दोन्ही भाषांत, गटक्रमांकांसह, ग्रामपंचायत अथवा नगरपंचायतीच्या फलकावर लागावी, आणि हरकतीची मुदत दुसऱ्या भाषेतील प्रसिद्धीपासून मोजावी.

दुसरा उपाय नकाशाचा. बायपास, रिंगरोड, औद्योगिक वसाहती आणि नाले यांचा एकत्रित नकाशा जिल्हा प्रशासनाने ठेवावा. एखाद्या कुटुंबाची जमीन दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा जात असेल, तर ते त्यात दिसले पाहिजे. आखणी बदलणे शक्य असेल, ते याच टप्प्यावर शक्य असते.

तिसरा उपाय सुनावणीचा. महामार्ग कायद्यातही हरकतदारास प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी आहे. ती दुभाष्यासह मिळावी आणि हरकत फेटाळताना कारणे त्याच्या भाषेत लेखी द्यावीत. मोबदला जमा झाल्याशिवाय आणि उभे पीक निघाल्याशिवाय ताबा घेऊ नये, हा साधा संकेत पाळला तरी अर्धा रोष कमी होईल.

चौथा उपाय मोजमापाचा. म्हादईच्या वादात प्रत्येक राज्याचे आकडे वेगळे असतात. 'प्रवाह'ने कळसा-भांडुरा परिसरातील प्रवाहाची मोजणी नियमितपणे तिन्ही राज्यांच्या भाषांत जाहीर करावी आणि कणकुंबी परिसरातील विहिरी व झरे यांच्या पातळीची नोंद स्थानिक ग्रामपंचायतींसह ठेवावी. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा संयुक्त प्रकल्प आहे, आणि निपाणी भागाला त्याचा लाभ होतो. सीमेच्या दाव्यावर मतभेद असतानाही पाण्याची वाटणी चालू शकते, याचे हे शेजारचेच उदाहरण.

पाचवा उपाय कायमस्वरूपी बैठकीचा. तंटा झाल्यावर शांतता समिती बोलावण्याची पद्धत सर्वत्र आहे. दोन्ही भाषक समाज, शेतकरी, महसूल, जलसंपदा आणि वन खाते यांची समिती दर तीन महिन्यांनी, तंटा नसतानाही बसली पाहिजे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या शिफारशी बंधनकारक नसतात. मात्र अशा समितीच्या इतिवृत्तांचा समावेश त्यांच्या वार्षिक अहवालात झाला, तर विषय किमान संसदेपर्यंत पोहोचेल.

गोव्याचा वाटा

म्हादईसाठी न्याय मागणाऱ्या गोव्याला हीच कसोटी स्वतःलाही लावावी लागेल. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरील वस्ती २००४ मध्ये पाडली गेली, तेव्हा तेथील कानडी भाषक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला होता. म्हादई अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिल्यावर सत्तरीतील रहिवाशांनीही आपल्या जमिनींविषयी तेच प्रश्न विचारले, जे घाटापलीकडे भीमगडमधील गावे विचारत आहेत. घाटाच्या दोन्ही बाजूंना नोटिशीची भाषा वेगळी असली, तरी ती हातात पडलेल्या माणसाची अडचण एकसारखी असते.

न्यायालयातील दावे त्यांच्या गतीने चालतील. दोन्ही भाषांत छापलेली नोटीस, पिकाची कापणी होईपर्यंत थांबलेले यंत्र आणि वेळेत मांडलेले टेबल यांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात ते आजही आहे.